ॲप-कॅबसाठी गाडी घेताय? आधी किलोमीटरचा हिशेब मांडा

घरच्या वापराची गाडी वर्षाला साधारण १०-१५ हजार किलोमीटर धावते. ॲपवर पूर्णवेळ चालणारी गाडी तेवढं अंतर तीन-चार महिन्यांत कापते. म्हणून शेजाऱ्याला आवडलेली गाडी तुमच्या धंद्याला परवडेलच असं नाही. इथे दोन आकडे कमाई ठरवतात: एका किलोमीटरला येणारा खर्च, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहण्याचे दिवस.

१. आधी ॲपचे नियम वाचा

गाडीचं वय किती चालतं, दारं आणि सीट किती लागतात, कुठलं मॉडेल कोणत्या श्रेणीत बसतं हे पाहून घ्या. वयाची मर्यादा गाठायला एकच वर्ष उरलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

२. हिशेब कागदावर मांडा

गाडीच्या किमतीतून पुढे विकताना मिळेल ती रक्कम वजा करा. त्यात कर्जाचं व्याज, विमा, इंधन, सर्व्हिसिंग आणि टायर मिळवा. आलेल्या रकमेला भाग द्यायचा तो फक्त भाड्याच्या किलोमीटरने, कारण प्रवासी घ्यायला जाताना आणि रिकामं परतताना होणारा खर्चही भाड्यातूनच निघायला हवा.

इंधनाचा फरक किती पडतो बघा. एक गाडी १०० किलोमीटरला ५ लिटर पिते, दुसरी ८ लिटर. वर्षाला ५०,००० किलोमीटर धरले तर फरक १,५०० लिटरचा. मात्र मायलेज जाहिरातीतलं धरू नका; तीच गाडी शहरात रोज चालवणाऱ्यांना विचारा.

३. इंधन तुमच्या रस्त्यांवरून ठरवा

सिग्नल आणि कोंडीच्या शहरात हायब्रिडला (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाडीला) तोड नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते, त्यामुळे ब्रेक पॅडही जास्त टिकतात. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये आणलेली प्रियस पुढे अनेक देशांत टॅक्सी म्हणून रुळली. या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये नेहमीचा क्लच नसतो, त्यामुळे तो झिजून बदलण्याचा खर्चही नसतो. जुनी घेत असाल तर हायब्रिड बॅटरीची तपासणी आणि ती बदलण्याचा खर्च आधी विचारून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करणारा पट्टा) नाही, हलणारे भागही कमी. पण घरी किंवा जवळपास स्वस्त चार्जिंगची खात्रीची सोय नसेल तर चार्जरच्या रांगेत भाडी हातची जातात. आधुनिक डिझेल लांबच्या हायवेसाठी ठीक. छोट्या फेऱ्यांत त्याचा धूर गाळणारा फिल्टर काजळीने तुंबतो. गॅसची गाडी इंधनावर वाचवते, पण टाकी डिकीत असेल तर विमानतळाच्या भाड्याला बॅगा कुठे ठेवणार?

४. नव्या तंत्रापेक्षा मुरलेलं तंत्र घ्या

नुकतंच बाजारात आलेलं इंजिन घेऊ नका. काही वर्षं रस्त्यावर मुरलेलं घ्या. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं साधं पेट्रोल इंजिन या कामाला पुरतं. कोरड्या क्लचचे ड्युअल-क्लच गिअरबॉक्स (दोन क्लचचे ऑटोमॅटिक, ज्यांचे क्लच तेलात बुडालेले नसतात) कोंडीत तापतात, त्यांच्यापासून लांब राहा. टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलला याची पावती मागा. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

मग तुमच्या मेकॅनिककडे जा आणि या गाडीचे भाग त्याच दिवशी मिळतात का, ते विचारा. पार्टसाठी आठवडाभर उभी राहिलेली गाडी हप्ता मात्र मागतेच.

५. मागच्या सीटवर बसून पाहा

प्रवासी तिथेच बसणार आहे. गुडघे अडतात का? मागे एसीची हवा पोचते का? सीटचं कापड सहज पुसता येतं का? नंतर चालकाच्या सीटवर किमान अर्धा तास बसा. कंबर दुखवणारी सीट रोजचे तास कमी करते.

६. जुनी गाडी असेल तर थंड इंजिनावर तपासा

विकणाऱ्याला सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. पहिल्या स्टार्टला निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळलेलं असू शकतं. मीटरवर किलोमीटर कमी आणि पेडलचं रबर गुळगुळीत असेल तर संशय घ्या. टायरवरच्या चार आकडी कोडमधून बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. संगणकी स्कॅन करून घ्याच, आणि एरर नुकतेच पुसलेत का हेही मेकॅनिकला बघायला सांगा.

७. पैसे देण्याआधी विमा आणि वॉरंटी

खासगी वापराच्या विम्यात भाड्याचे प्रवासी सहसा धरत नाहीत. अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. व्यावसायिक वापरात कंपनीची वॉरंटीही अनेकदा कमी होते. दोन्हींचं उत्तर लेखी घ्या आणि ते हातात आल्यावरच बयाणा द्या.