टर्बो गेला नव्हता, होज चिरला होता

रोजच्या जाण्यायेण्यासाठी जुनी टर्बो स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. तिसऱ्याच आठवड्यात त्यांचंच खरं ठरतंय असं वाटलं. पेडल दाबलं की सायकलची ट्यूब पंक्चर व्हावी तसा फुस्स आवाज, मागे काळा धूर आणि ओढ गायब. स्कॅनर लावला तर कोड पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) कमी.

मेकॅनिक म्हणाला, "टर्बोच बदला." मला पटेना. टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पात्यांचा दांडा, हाताने हलवून पाहिला. ढिलेपणा जवळजवळ नव्हता, पाती घासल्याच्या खुणाही नाहीत. मग इनटेकचं (हवा आत घेणाऱ्या नळीचं) तोंड बंद करून जेमतेम १० पीएसआय हवा भरली आणि साबणाचं पाणी शिंपडलं. इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) खालच्या रबरी होजवर, म्हणजे नळीवर, अगदी ती आवळणाऱ्या क्लॅम्पला लागून, बुडबुडे! चीर एवढी बारीक की बोटाने ताणल्याशिवाय दिसेना. सेन्सरने मोजलेली हवा तिथून निसटत होती, पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबाने पडत होतं, धूर त्याचाच.

सिलिकॉनचा होज, टी-बोल्ट क्लॅम्प, तासाभराचं काम. आधीच्या मालकाने क्लॅम्प आवळून आवळून रबर कापलं होतं. (असे हौशी हात फार!) बाकीचे होजही त्याच दिवशी चाचपून घेतले.