इंग्लंडात शिकायला जाताय? तिथल्या सिटी कौन्सिलचं मत तुम्हालाही आहे

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीच्या खेड्यांतली पोरं-पोरी आता एमएस्सीसाठी मँचेस्टर, लीड्स, शेफील्डला पोहोचतात. शिष्यवृत्ती, व्हिसा, खोली यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात; मतदानाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. भारत राष्ट्रकुलातला देश आहे. त्यामुळे वैध व्हिसावर इंग्लंडात राहणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या भारतीयाला तिथे मत देता येतं, सिटी कौन्सिललाही (म्हणजे तिथली महापालिका) आणि पार्लमेंटलाही. स्टुडंट व्हिसा चालतो. किती महिने राहिलात अशी अट नाही, आणि मत दिल्याने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. हा हक्क वाया घालवू नये, म्हणून हे सविस्तर.

कारभार कोण चालवतं

आपल्याकडे सरपंच थेट निवडून येतो, त्यामुळे तिथेही महापौराला मत द्यायचं असेल असं वाटतं. बहुतेक शहरांत तसं नाही. मतदार फक्त आपल्या वॉर्डाचे कौन्सिलर, म्हणजे नगरसेवक, निवडतो. कौन्सिलर आपल्यातून लीडर निवडतात आणि लीडर कॅबिनेट बनवतो. लीडर धरून त्यात जास्तीत जास्त १० जण. रोजच्या कारभाराचे बहुतेक निर्णय या कॅबिनेटच्या हातात. ज्या शहरात लॉर्ड मेयर असतो तिथे तो गळ्यात साखळी घालून सभेचं अध्यक्षपद सांभाळतो, कार्यक्रमांना जातो. कारभाराचे निर्णय त्याचे नसतात. म्हणून कचरा उचलला नाही तर लॉर्ड मेयरला पत्र लिहून उपयोग नाही.

अपवाद आहेत. लेस्टरमध्ये मेयर थेट लोकांतून निवडला जातो आणि खरी सत्ता त्याच्याकडे असते. ब्रिस्टलमध्येही तसा होता, पण २०२२ च्या सार्वमतात लोकांनी ते पद नाकारलं आणि २०२४ पासून तिथे समित्या कारभार बघतात. शेफील्डमध्ये २०२२ पासून समित्याच आहेत. आपल्या शहरात यातली कोणती पद्धत आहे हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर आधी बघा, म्हणजे कुणाला जाब विचारायचा ते कळतं.

प्रशासनाचा प्रमुख चीफ एक्झिक्युटिव्ह. नागपूर महापालिकेचा आयुक्त राज्य सरकार पाठवतं. तिथे हा माणूस कौन्सिल स्वतः नेमते. त्याच्याइतकाच महत्त्वाचा म्हणजे मुख्य वित्त अधिकारी. खर्च उत्पन्नात बसत नाही असं दिसलं की 'सेक्शन ११४' ची नोटीस काढणं त्याला कायद्याने भाग आहे, आणि ती निघाली की नवा खर्च जवळपास थांबतो. बर्मिंगहॅममध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये हेच झालं. केंद्र सरकारने देखरेखीसाठी कमिशनर बसवले आणि २०२४ मध्ये काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, ९.९९ टक्क्यांनी वाढला. कौन्सिलरने हिशेबावर नजर ठेवली नाही तर भुर्दंड घराघरावर येतो.

मँचेस्टर, लीड्ससारख्या शहरांत शाळा, रस्ते, कचरा, घरं सगळं एकाच कौन्सिलकडे असतं. ऑक्सफर्ड, केंब्रिजला दोन पायऱ्या आहेत: शाळा, रस्ते काउंटीकडे, कचरा, घरं, बांधकाम परवाने सिटीकडे. आपल्याकडची जिल्हा परिषद आणि नगर परिषद डोळ्यांपुढे आणा. ही दुहेरी रचना मोडून एकच कौन्सिल करायचं धोरण तिथल्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. दवाखाने आणि पोलीस मात्र दोन्हीकडे सिटी कौन्सिलच्या अखत्यारीत नाहीत.

नाव नोंदवणं

खोलीचा पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर 'रजिस्टर टू व्होट' हे पान उघडा. पैसे लागत नाहीत. राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, पत्ता आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठीचा तिथला सरकारी नंबर) विचारतात. सुरुवातीला हा नंबर बहुतेकांकडे नसतो. तरी अर्ज भरा, नंबर नसल्याचं कारण लिहा. कौन्सिलचा नोंदणी अधिकारी नंतर पासपोर्टची प्रत वगैरे मागतो. त्याच्या ईमेलला उत्तर दिलं नाही तर अर्ज तिथेच अडकतो, आणि हे फार जणांचं होतं.

नाव नोंदवताना सगळ्यात जास्त जपायचं ते नावालाच. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. त्या सवयीने वडिलांचं नाव 'लास्ट नेम' मध्ये जातं आणि मतदानाच्या दिवशी यादी आणि पासपोर्ट जुळत नाहीत. पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर 'सरनेम' म्हणून जे छापलंय तेच, त्याच स्पेलिंगने, आडनावाच्या रकान्यात भरा. लग्नानंतर नाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर नोंदणी पासपोर्टवरच्याच नावाने करा.

'ओपन रजिस्टर' मध्ये नाव हवं का, असंही विचारतात. नको म्हणा, ती यादी कुणालाही विकत मिळते आणि त्यातून नाव काढल्याने मतावर काही परिणाम होत नाही. मुख्य यादीत नाव असल्याचा आणखी एक फायदा आहे: मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट किंवा बँकेचं कर्ज देणाऱ्या कंपन्या पत्त्याची खात्री त्यावरून करतात.

मुदत चुकवू नका. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी मध्यरात्रीपर्यंत नोंदणी होते. ७ मे २०२६ हा दिवस धरून मोजा: ४ मेची बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) आणि शनिवार-रविवार वगळले की शेवटची तारीख २० एप्रिल येते. हॉस्टेल सोडून भाड्याच्या घरात गेलात की नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते. जुनी नोंद आपोआप सरकत नाही.

मतदानाचा दिवस

कौन्सिलच्या नियमित निवडणुका मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असतात. सुट्टी नसते, पण मतदान सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत चालतं. रात्री १० ला रांगेत असलात तर मत देता येतं. केंद्र पत्त्यावरून ठरतं, दुसऱ्या केंद्रावर मत देता येत नाही. पोस्टाने आलेलं पोल कार्ड (मतदानाची सूचना देणारं पत्र) नसलं तरी अडत नाही.

फोटो असलेलं ओळखपत्र मात्र इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत मे २०२३ पासून सक्तीचं आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्ट मान्य आहेत. मुदत संपलेला असला तरी फोटोवरून ओळख पटत असेल तर चालतो. आधार, भारतीय मतदार कार्ड, भारतीय लायसन्स चालत नाही. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटोही नाही. मूळ पुस्तिकाच न्या.

आत ईव्हीएम नाही आणि बोटाला शाईही लावत नाहीत. कर्मचारी यादीत नाव बघतो आणि कागदी मतपत्रिका देतो. मत द्यायच्या आडोशात दोरीने बांधलेली पेन्सिल असते. उमेदवार आडनावाच्या अक्षरक्रमाने, शेजारी पक्षाचं चिन्ह आणि उजवीकडे रिकामा चौकोन. त्यात फुली मारा, घडी घाला, पेटीत टाका. नोटा नाही. सही किंवा नाव लिहिलं तर मत बाद. चूक झाली तर पेटीत टाकण्याआधी पत्रिका परत द्या, दुसरी मिळते.

किती फुल्या मारायच्या यात लोक चुकतात. वॉर्डात एक, दोन किंवा तीन कौन्सिलर असतात. बर्मिंगहॅमला ६९ वॉर्डांतले सगळे १०१ जण चार वर्षांतून एकदा निवडले जातात. मँचेस्टरला ३२ वॉर्ड, प्रत्येकी तीन असे ९६. पण दरवर्षी एक तृतीयांश जागांचं मतदान होतं आणि चौथं वर्ष रिकामं. म्हणजे तिथे एरवी एकच फुली. जितक्या जागा, तितक्यापर्यंत फुल्या; कमी चालतात, एकही जास्त झाली तर सगळी पत्रिका बाद. संख्या पत्रिकेवर वरच लिहिलेली असते, ती आधी वाचा. आपल्या प्रभागासारख्या राखीव जागा तिथे नाहीत. एकच यादी आणि सर्वाधिक मतं पडलेले निवडून येतात.

सुट्टीत गावी येणार असाल तर पोस्टाच्या मतावर विसंबू नका. मतपत्रिका इंग्लंडहून वणीला येऊन वेळेत परत पोहोचण्याची शक्यता कमीच. त्यापेक्षा तिथल्या विश्वासू मतदार मित्राला प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा, नेमा. अर्ज मतदानाच्या सहा कामकाजी दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत.

मत दिल्यावर

पूर्णवेळ विद्यार्थ्यांनीच भरलेल्या घराला काउन्सिल टॅक्स माफ असतो, पण विद्यापीठाचं पत्र कौन्सिलला द्यावं लागू शकतं. बिल आलं तर गप्प बसू नका. घरात एकच नोकरदार आणि बाकी विद्यार्थी असतील तर २५ टक्के सूट मिळते. वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त जण एका घरात भाड्याने राहत असतील तर घरमालकाला कौन्सिलचा परवाना लागतो. परवान्यांची यादी कौन्सिलकडे बघायला मिळते.

तक्रार आधी कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदवा, नंबर जपून ठेवा. दाद लागली नाही तर तो नंबर देऊन वॉर्डाच्या कौन्सिलरला ईमेल करा किंवा तो लोकांना भेटायला बसतो त्या दिवशी जा. सभेचा अजेंडा किमान पाच पूर्ण दिवस आधी जाहीर करावा लागतो, आणि बहुतेक सभांत बाहेरच्या माणसाला बसता येतं.

स्वतः उभं राहायचं असेल तर अनामत नाही, वॉर्डातल्या दोनच मतदारांच्या सह्या लागतात. मात्र राष्ट्रकुलातल्या उमेदवाराकडे कायम राहण्याची परवानगी हवी. स्टुडंट व्हिसावर मत देता येतं, उमेदवारी करता येत नाही.