ट्रेकचे पैसे गावातच राहतील असा ट्रेक कसा करायचा (कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड)

आधी माझंच पाप सांगतो. काही वर्षांपूर्वी चाळीस जणांच्या ग्रुपबरोबर कळसूबाईला गेलो होतो, बस शहरातून, पोहे शहरातून डब्यात, पाण्याचे बॉक्स, लीडर पण शहरातलेच. पहाटे बारी गावात उतरलो, वर गेलो, १६४६ मीटरवर फोटो काढले, खाली आलो आणि परत बसमध्ये. गावात आम्ही खर्च काय केला तर पार्किंगचे पैसे आणि मागे काय ठेवलं तर कागदी प्लेटा. तेव्हापासून मी ट्रेक उलट्या बाजूने प्लॅन करतो, म्हणजे आधी गावातलं घर ठरवायचं, मग गड.

घर शोधणं अवघड नाही. कळसूबाईला बारी, रतनगडाला रतनवाडी आणि साम्रद, हरिश्चंद्रगडाला पाचनई आणि खिरेश्वर, या सगळ्या पायथ्याच्या गावांत जेवणाची आणि झोपायची सोय करणारी घरं आहेत. नंबर कुठून मिळवायचा तर आधी जाऊन आलेल्या माणसाकडून, आणि फोन लावल्यावर एक प्रश्न नक्की विचारायचा, "दादा, घर तुमचंच ना?" कारण बऱ्याचदा ऑनलाइन बुकिंग शहरातल्या माणसाकडे होतं, तो आपलं कमिशन काढून उरलेले पैसे गावात देतो. मधला माणूस असला म्हणजे वाईटच असं नाही, पण ताटामागे गावाला किती मिळतात हे विचारायला काय हरकत आहे?

फोनवर माणसं किती ते पक्कं सांगा, आणि "दहा-बारा असू" हे पक्कं नव्हे. पाचनईत एका मावशींकडे आम्ही बारा सांगून सात पोचलो होतो. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त टोपलीतल्या भाकऱ्यांवर फडकं टाकलं आणि टोपली आत नेली. चुलीपुढे बसून बारा जणांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे दीड-दोन तास धूर खायचा, दळण आणायला गिरणी लांब, ते वेगळंच. आम्ही पैसे बाराचेच दिले पण ते फडकं माझ्या डोक्यातून जात नाही. माणसं कमी झाली तर आदल्या दिवशी कळवा, आणि नेटवर्क नसेल तर एसएमएस टाकून ठेवा, कोणी डोंगराच्या सोंडेवर गेलं की पोचतो.

जेवायला काय मागायचं? पनीर मागू नका प्लीज. नागलीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, घरात असेल ती उसळ, भात. खिरेश्वर जुन्नर तालुक्यात येतं, ते सोडलं तर हा सगळा नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग, वस्ती जास्त करून महादेव कोळी आणि ठाकर लोकांची, आणि इथे अजून जुन्या वाणाचा भात लावणारी घरं आहेत. ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली त्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, देशी बियाणं जपलं म्हणून. तेव्हा निघताना घरात काळभात किंवा नागली विकायला आहे का विचारा, दोन किलो तर दोन किलो, सॅकमध्ये जागा असतेच. आणि भाव पाडू नका. कळसूबाईच्या वाटेवर लिंबू सरबत महाग वाटतं ना, त्या ताईंनी पाण्याचा ड्रम खालून डोक्यावर आणलाय, आपण नुसती सॅक घेऊन त्या शिड्यांवर धापा टाकत होतो.

पाण्यावरून आठवलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, समोर एवढं पाणी दिसतं तरी एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांमध्ये बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. म्हणून उन्हाळ्यात गेलात तर अंघोळीला गरम पाणी वगैरे मागायचं नाही, हातपाय धुवायला एक तांब्या बास.

आता वाटाड्या. पाचनईहून हरिश्चंद्रगड सोपा आहे, वाट मळलेली, वाटाड्या नसला तरी चालतं असं लोक म्हणतात आणि ते खरंय. तरी घ्या. एक तर धुक्यात कोकणकड्याकडे चुकीच्या दिशेने चार पावलं पण महागात पडतात, आणि दुसरं म्हणजे नकाशावर जे नाही ते त्याला माहीत असतं, हे हिरड्याचं झाड, इथे बाळहिरडा म्हणजे त्याची कोवळी फळं गोळा करतात, या झऱ्याला मे महिन्यात पण पाणी असतं. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांब आहे, तिथे वाटाड्या हवाच, आणि बेलपाड्याकडून नळीची वाट करणार असाल तर अनुभव, दोर आणि ती वाट माहीत असलेला गावातला माणूस, यातलं एक जरी नसेल तर विसरा. पैसे निघायच्या आधी ठरवा, थेट त्याच्या हातात द्या, आणि त्याचं जेवण, पाणी, हेडटॉर्च आपल्याकडून. एकदा आमचा वाटाड्या अंधारात मोबाइलच्या उजेडावर उतरत होता आणि आम्ही सातजण हेडटॉर्च लावून त्याच्या मागे, लाज वाटली राव.

कधी जायचं हे पण गावाला विचारून ठरवा. जुलैमध्ये आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते, अख्खं घर गुडघाभर चिखलात, त्या दिवसात तीस जणांचं जेवण सांगणं म्हणजे छळच, चार-पाच जण असाल तर ठीक. भाताच्या बांधावरून एकामागे एक चाला, बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं. काजव्यांसाठी मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत गर्दी नुसती उसळते, जायचंच असेल तर मधल्या वारी जा आणि टॉर्च, गाडीचे हेडलाइट बंद ठेवा, त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते. साम्रदजवळची सांदण दरी पावसात बंदच समजा. नवरात्रात कळसूबाईची जत्रा असते, गर्दी असली तरी तेव्हा एकदा जाच, तुम्ही ज्याला शिखर म्हणता ते त्यांच्या देवीचं ठाणं आहे हे तेव्हा कळतं. देवळापाशी स्पीकर लावून नाचायचं नाही हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

हा सगळा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे, गेटवर पावती फाडा, आणि गडावर मुक्काम, तंबू, शेकोटीचं सध्या काय चालतं ते आदल्या दिवशी विचारा. माझं मत विचाराल तर गडावर तंबू टाकण्यापेक्षा गावात पडवीत झोपा, पहाटे चारला निघा, मुक्कामाचे पैसे पण घराला मिळतात.

मुलांना चॉकलेटं वाटू नका, पुढच्या ग्रुपच्या मागे ती धावत सुटतात. चुलीपाशी बसलेल्या आजींचा फोटो विचारून काढा. पैशांसाठी सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, यूपीआय चालतं पण रेंज आली तर. कचरा, तुमचा सगळा, परत शहरात न्या, गावात कचऱ्याची गाडी येत नाही, तिथे टाकलेलं शेवटी कोणीतरी जाळतं.

जाताना एसटीने जायचं असेल तर मुंबईहून कसारा लोकल, पुढे घोटीमार्गे बारी, आणि पाचनईला राजूरहून. परतीची एसटी किती वाजता ते बोर्डावर बघू नका, रात्री जेवतानाच घरात विचारा. मुक्कामी गाडी असेल तर पहाटेच सुटते, आणि कधीकधी ड्रायव्हर-कंडक्टर बाजूच्याच ओसरीवर झोपलेले असतात, त्यांनाच सांगून ठेवा, चहा झाल्यावर हाक मारतात.