नाशिकच्या घरात निसर्ग आणताना

घरात निसर्ग आणायचा म्हटले की बहुतेक जण थेट रोपवाटिका गाठतात. माझ्या मते मात्र पहिला मान खिडकीचा आहे. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयातील नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, असे त्यांना आढळले. म्हणून घरातील माणसे ज्या खुर्चीवर सर्वाधिक वेळ बसतात, ती आधी खिडकीकडे तोंड करून ठेवावी. जुन्या नाशकातील वाड्यांना चौकातून जो उजेड आणि वारा मिळत असे, तो फ्लॅटमध्ये गॅलरीतून येतो. तिथे अडगळ साठवली असेल, तर ती हलवण्याइतका परिणामकारक आणि बिनखर्चाचा दुसरा उपाय नाही.

पश्चिमेच्या खिडकीला एप्रिल-मे महिन्यांत वाळ्याचे पडदे लावून ते दुपारी भिजवावेत. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे पडद्यातील पाण्याची वाफ झपाट्याने होते, आत येणारा वारा गार होतो आणि खोलीभर वाळ्याचा सुगंध दरवळतो. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने हा उपाय चालत नाही. पडदे वाळवून गुंडाळून ठेवावेत.

रोपे निवडताना आवडीपेक्षा उजेडाचा विचार आधी करावा. तुळस आणि मोगरा यांना रोज काही तास थेट ऊन हवे, त्यामुळे त्यांची जागा गॅलरीतच; आतल्या खोलीत स्नेक प्लांट किंवा मनी प्लांट तग धरतो. घरातली रोपे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक, जास्त पाण्याने मुळे कुजून मरतात. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे आणि ओल लागली, तर त्या दिवशी पाणी घालू नये. मातीच्या कुंडीतून जादा ओलावा बाहेर पडतो, म्हणून नवख्याने प्लास्टिकपेक्षा तीच घ्यावी. चार कुंड्यांनी घरातील हवा शुद्ध होते हा दावा मात्र खरा मानू नये. तो बंद पेट्यांमध्ये केलेल्या प्रयोगांवर आधारलेला आहे आणि नेहमीच्या घरात उघड्या खिडकीचा वारा त्याहून कितीतरी अधिक काम करतो. रोपे लावावीत ती डोळ्यांना मिळणाऱ्या विसाव्यासाठी आणि रोज कोवळे पान निरखण्याच्या आनंदासाठी. मनी प्लांट चघळल्यास तोंडाची आग होते, त्यामुळे घरात लहान मूल किंवा मांजर असेल, तर तो उंचावर टांगावा.

वस्तूंच्या बाबतीत नाशिककरांना दूर जावे लागत नाही. तांबे-पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पूर्वीपासून ओळखले जाते. माळ्यावर पडलेले आजीचे घंगाळ चिंच-मिठाने घासून, त्यात पाणी भरून झेंडूची किंवा गुलाबाची फुले तरंगत ठेवली, तर दिवाणखान्याला दुसरी शोभा लागत नाही. ते पाणी दर दोन दिवसांनी बदलून भांडे आतून घासावे, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. वापरात नसलेला काळ्या दगडाचा पाटा गॅलरीत कुंडीखाली ठेवता येतो. त्यावर प्लास्टिक पेंट मात्र देऊ नये, दगडाचा खरा पोत दिसू द्यावा.

बांबूच्या टोपल्या, सुपे आणि दिव्यांची झाकणे घ्यायची असतील, तर नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ-सुरगाणा भागातील कारागिरांकडून घ्यावीत. बांबूतील पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया केली आहे का, हे विकत घेताना विचारावे. वस्तूखाली पिवळसर भुकटी साचू लागली, तर कीड लागली आहे असे समजून ती वस्तू लगेच इतर लाकडी सामानापासून दूर करावी. पावसाळ्यात बांबू भिंतीला टेकवून ठेवू नये आणि बुरशी दिसताच कोरड्या फडक्याने पुसून तो उन्हात वाळवावा.