फवारणी करताना अस्वस्थ वाटले, तर ते ऊन की विष हे कसे ओळखावे

कपाशी छातीला लागली, की फवाऱ्याचे तुषार थेट तोंडावर आणि छातीवर येतात. भाद्रपदाच्या उन्हात पाठीवर पंप घेऊन फिरणारा माणूस मध्येच धुऱ्यावर येऊन बसतो, घामाने निथळत असतो, मळमळते असे सांगतो, आणि सोबतचे म्हणतात, “ऊन लागलं असंल, पाणी पाजा.” 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामुळे हा घाम उन्हाचा की विषाचा, हा प्रश्न वावरातच विचारला गेला पाहिजे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या शरीरातील स्वायत्त चेतासंस्था थोडी समजून घ्यावी लागते.

हृदयाचे ठोके, श्वासनलिका, आतडी, लाळ, घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांचे काम आपल्याला न विचारता ही संस्था चालवते. तिचे दोन मुख्य भाग आहेत. अनुकंपी भागाच्या नसा छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातील मज्जारज्जूतून निघतात, आणि संकटात किंवा कष्टात ठोके वाढवणे, बाहुल्या मोठ्या करणे ही कामे करतात. परानुकंपी भागाच्या नसा मेंदूच्या तळातून आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या भागातून निघतात. त्यांपैकी व्हेगस ही सर्वांत मोठी नस मानेतून उतरून हृदय, फुप्फुसे आणि आतड्यांपर्यंत जाते, ठोके मंद करते आणि पचन चालू ठेवते.

परानुकंपी नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते आणि अवयवाला निरोप मिळतो. नसेचा निरोप रसायनातून जातो, हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवून दिले. निरोप पोहोचताच कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्या रसायनाचे क्षणात तुकडे करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय स्फुरदयुक्त कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. ओलिताचे पाणी वळवायला कोणी नसावे आणि सरी फुटून वाहत राहावी, तसे मग निरोप थांबतच नाहीत.

घामावरून मात्र काहीच ठरत नाही. घामाच्या ग्रंथी अनुकंपी नसांच्या ताब्यात असल्या, तरी त्या नसा अपवादाने ॲसिटिलकोलिनच वापरतात. म्हणून उन्हातही घाम येतो आणि विषातही येतो. आधी त्या माणसाला फवारलेल्या पिकापासून दूर सावलीत न्यावे, आणि तेथेच त्याच्या बाहुल्या पाहाव्यात, कारण कडक उन्हात सर्वांच्याच बाहुल्या बारीक होतात. शेजारी दुसऱ्या माणसाला बसवून दोघांचे डोळे ताडून पाहावेत. सावलीतही बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या राहिल्या, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांतून व नाकातून पाणी येऊ लागले, छातीत घरघर झाली, पोटात कळा येऊन जुलाब झाले किंवा दंडाचे, पापणीचे स्नायू फडफडू लागले, तर ते विष आहे असेच समजावे. ऊन लागलेल्याचे तोंड बहुधा कोरडे असते आणि नाडी जलद चालते. तरीही केवळ नाडीवर विसंबू नये, कारण विषबाधेत ती बहुतेकदा मंद, पण कधी जलदही असते. मोठ्या बाहुल्या दिसल्या म्हणून निश्चिंत होणेही चुकीचे आहे. शंका असेल तर विष धरूनच चालावे.

हातांना रबरी मोजे, तेही नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून त्याचे सगळे कपडे काढावेत आणि साबण लावून भरपूर पाण्याने केस, कानांमागचा भाग, काखा व नखे धुवावीत; हे विष कातडीतून आत जात राहते, म्हणून कपडे तसेच ठेवून नेणे घातक आहे. मात्र धुण्यापायी गाडीला उशीर होऊ देऊ नये. एकाने धुवावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करावा. दूध, ताक, तेल किंवा मिठाचे पाणी पाजू नये, उलटी काढू नये. त्यातून घशातले फुप्फुसात जाते. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर निजवावे. “थोडं पडून राहतो” असे त्याने म्हटले तरी त्याला घरी निजू देऊ नये. औषधाची बाटली किंवा तिचा कागद बंद पिशवीत घालून सोबत न्यावा, कारण प्रत्येक कीटकनाशक याच नसांवर काम करत नाही आणि उपचार त्याप्रमाणे बदलतो.

रुग्णालयात ॲट्रोपिनची इंजेक्शने पुन्हा पुन्हा दिली जातात. ते ॲसिटिलकोलिनचा परिणाम अडवते, त्यामुळे छातीतील स्राव आटतो, तोंड कोरडे पडते आणि ठोके वाढतात. रुग्ण कधी बरळू लागतो आणि नातेवाईक घाबरतात; अशा वेळी डॉक्टरांना सांगावे, परंतु रुग्णाला उचलून दुसरीकडे नेण्याची घाई करू नये. लाळ थांबली म्हणून सुट्टीही मागू नये, कारण ॲट्रोपिन स्नायूंचा अशक्तपणा दूर करत नाही, आणि पहिल्या एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे व श्वास कमी पडणे असा दुसरा टप्पा येऊ शकतो.

विषाने निकामी झालेले तांबड्या रक्तपेशींतील कोलिनेस्टरेज हे विकर दररोज साधारण 1 टक्का या गतीनेच भरून येते. म्हणून बरा होऊन गावी आलेल्या माणसाच्या पाठीवर त्याच हंगामात पुन्हा पंप देऊ नये, आणि पुढे केव्हा द्यायचा हे रक्त तपासून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.