परदेशातून जुनं सस्पेन्शन मागवताय? या चुका टाळा

आठव्या पिढीची होंडा सिव्हिक भारतात आली 2006 मध्ये. ती अजून हौसेने सांभाळणारे बरेच आहेत, आणि त्यातल्या अनेकांचा डोळा जपानमधल्या ऑनलाइन लिलावांवर असतो. तिथे वापरलेला कॉइलओव्हरचा, म्हणजे स्प्रिंगसकट येणाऱ्या, गाडीची उंची बदलता येणाऱ्या शॉकअपचा सेट, तिथल्या भाषेत ‘शाकोचो’, भलताच स्वस्त दिसतो. पण त्या किमतीवरून निर्णय घेऊ नका.

आवाज कुठून येतोय ते न बघताच शॉकअप मागवणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. खडखड सुरू झाली की मेकॅनिक म्हणतो, ‘शॉकअप गेले.’ पण छोट्या खड्ड्यांवर, कमी वेगात टकटक होत असेल तर आधी लिंक रॉड (अँटिरोल बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) हलवून बघा. ब्रेक मारताना धप्प असा आवाज येत असेल तर संशय लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशवर, म्हणजे जोडावरच्या रबरावर. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना कुरकुर होत असेल, स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटत असेल, तर स्ट्रट माउंटिंगचं, म्हणजे शॉकअप वरून गाडीला जिथे बसतो तिथलं, बेअरिंग तपासा. शॉकअप खरंच संपला असेल तर त्याच्या अंगावरून तेल ओघळलेलं दिसतं, किंवा स्पीडब्रेकरनंतर गाडी झुलत राहते. लिंक रॉड, बुश आणि माउंटिंग इथे नवीन मिळतात. त्यासाठी जपानला जायची गरज नाही.

नाव आणि वर्ष जुळलं की भाग बसेल असं समजणं

सिव्हिकच्या बाबतीत हा सापळा फारच सुंदर आहे. त्याच काळात ब्रिटनमध्ये विकली गेलेली हॅचबॅक सिव्हिक नावाने तीच, पण तिला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईने जोडलेली. आपल्या सेडानला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. म्हणजे ब्रिटनमधल्या 2008 च्या सिव्हिकचे मागचे शॉकअप आपल्या गाडीला बसणार नाहीत. होंडाच्या पार्ट नंबरमधली मधली तीन अक्षरं गाडीची जात सांगतात: एसएमजी दिसलं तर ती युरोपची हॅचबॅक, एसएनए असेल तर सेडान. विक्रेत्याकडून नंबरचा फोटो मागवा, आणि तो देत नसेल तर विषय तिथेच सोडा.

आणि बसतो म्हणून चालतो असंही नाही. जपानच्या टाइप आर, म्हणजे सिव्हिकच्या स्पोर्टी सेडानचं सस्पेन्शन ट्रॅकसाठी कडक केलेलं आहे. आपल्याकडे याच सिव्हिकचं पोट स्पीडब्रेकरला घासतं म्हणून लोक स्प्रिंगमध्ये रबरी पॅड घालून गाडी उचलतात. तिला आणखी खाली बसवायला परदेशातून सामान आणणं मला तरी कळत नाही.

‘कस्टममध्ये बघून घेऊ’

भारताच्या परकीय व्यापार धोरणात भांडवली वस्तू सोडल्या तर बाकी वापरलेल्या मालाची आयात खुली नाही. त्यासाठी डीजीएफटीचं, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाचं, ऑथरायझेशन लागतं, आणि चार शॉकअपसाठी कोण त्या वाटेला जाणार? पार्सल अडकलं तर माल जप्त होऊ शकतो. सोडवायचा तर दंड भरा, गोदामाचं भाडं वेगळंच. ‘भेट म्हणून पाठव’ ही जुनी युक्तीही आता चालत नाही. राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून भेटवस्तूंची शुल्कमाफ आयात डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. जाचक वाटेल, पण नियम असा आहे.

नवीन भाग मागवायला ही अडचण नाही. मात्र हिशेब करताना लक्षात ठेवा, की शुल्क फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमाही त्यात धरतात. त्या सगळ्यावर पुन्हा जीएसटी, जो सुट्या भागांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहे. सेट जड असतो, खोकं मोठं असतं, आणि गॅस भरलेला शॉकअप दाबाखालची वस्तू म्हणून कुरिअरवाला विमानाने न्यायला नकारही देऊ शकतो.

फोटोतली चकाकी

दुबई, जपान किंवा ब्रिटनमध्ये राहणारा भाऊ स्वतःच्या गाडीसाठी जुने भाग घेत असेल, तर कस्टमबद्दल वर लिहिलेलं त्याला लागू नाही, पण पुढचं मात्र लागू आहे. होक्काइदो, तोहोकूसारख्या बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने कॉइलओव्हरचे आटे गंजून जाम होतात, मग उंची बदलायची सोयच उरत नाही. ब्रिटनमध्येही तेच. शॉकअपचा रॉड पूर्ण बाहेर काढलेला फोटो मागवा. क्रोमवर बारीकसा खड्डा असला तरी तो सील कापणार. जपानी जाहिरातीत ‘जंक’ किंवा ‘नो क्लेम, नो रिटर्न’ लिहिलं असेल तर तो शब्दशः घ्यायचा इशारा आहे.

नकल (चाकाचं हब ज्यावर बसतं तो भाग), अँटिरोल बार (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) असे घन धातूचे भाग जुने घ्यायला माझी हरकत नाही, वाकलेले किंवा तडकलेले नसले म्हणजे झालं. शक्यतो हातात घेऊन बघता येतील असे घ्या. मुंबईत त्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. बॉल जॉइंट, बुश आणि शॉकअप जुने नकोतच.

भाग कुठूनही आणा, बसवताना रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळायला सांगा. लिफ्टवर चाकं लटकत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. त्यानंतर अलाइनमेंट.