बायोटेकची एमएस्सी: तयारी मे महिन्यात नाही, सप्टेंबरात

आमच्या भागातली पोरं एमएस्सी बायोटेकबद्दल विचारतात ती बीएस्सीचा शेवटचा पेपर देऊन झाल्यावर, मे-जूनमध्ये. तेव्हा सांगण्यासारखं फार उरलेलं नसतं. नागपूर किंवा अमरावती विद्यापीठाचा, नाहीतर जवळच्या कॉलेजचा फॉर्म भरा, बस. देशपातळीवरच्या परीक्षांचे फॉर्म तोवर बंद झालेले असतात. हाच प्रश्न बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला विचारला तर उत्तर तासभर चालतं. ते इथे लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी केली, आता नागपुरात शिकवतो, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात.

बाहेर जायचे तीन मोठे रस्ते आहेत. पहिली जॅम, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सीची प्रवेशपरीक्षा. तिचा फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. तिच्यात बायोटेक्नॉलॉजीचा वेगळा पेपर असतो, 100 गुणांचा, आणि त्यावर मुंबई, रुरकी अशा आयआयटींत एमएस्सी मिळते. दुसरी सीयूईटी पीजी, ही सामायिक प्रवेशपरीक्षा केंद्रीय विद्यापीठांसाठी, गेली काही वर्षं मार्चच्या आसपास होते. तिसरी गॅट-बी. आपल्याकडे तिचं नावही कित्येकांनी ऐकलेलं नसतं, आणि माझ्या मते साध्या घरच्या पोराने सगळ्यात आधी हिचाच विचार करावा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ती आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातला बायोटेक विभाग त्यातलाच. या जागेवर प्रवेश मिळाला की एमएस्सीला दरमहा 5,000 रुपये विद्यावेतन असतं. मात्र गॅट-बीचा स्कोअर म्हणजे प्रवेश नव्हे. ज्या विद्यापीठात जायचं तिथला फॉर्म वेगळा भरावाच लागतो. स्कोअर हातात असूनही हे माहीत नसल्याने घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

गॅट-बीच्या पहिल्या भागात 60 प्रश्न, सगळे सोडवायचे, आणि ते बारावीच्या पातळीचे: भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणितसुद्धा. दुसऱ्या भागात 100 पैकी 60 सोडवायचे, प्रत्येकी 3 गुण. पेपर इंग्रजीत, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. आता आपल्याकडचा बी ग्रुपवाला, म्हणजे अकरावी-बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेला गडी दहावीनंतर गणिताचं तोंड पाहत नाही. अडतो तो तिथेच. खरं तर लागणारं गणित फार मोठं नाही. लॉगॅरिदम, संभाव्यता, थोडी आकडेमोड. प्लेटवर 42 वसाहती आल्या, डायल्युशन (नमुना पातळ केल्याचं प्रमाण) दहाचा उणे सहावा घात, प्लेटवर टाकलेला नमुना 0.1 मिली, तर मूळ नमुन्यात दर मिलीला किती जिवाणू? 4.2 गुणिले दहाचा आठवा घात. हे कागदावर दोन मिनिटांत जमत नसेल तर बारावीचं पुस्तक काढा. कोचिंगची फी नंतर.

पात्रतेची ओळ जाहिरातीत बारीक अक्षरात असते आणि मोठे घोळ तिथेच होतात. बहुतेक ठिकाणी खुल्या प्रवर्गाला 55 टक्के आणि राखीवला 50 टक्के अशी अट दिसते, पण प्रत्येक विभागाची अट त्याची त्याची. आपल्याकडे वर्षानुवर्षं बीएस्सी तीन विषयांची होती: रसायन, वनस्पती, बायोटेक किंवा रसायन, प्राणी, सूक्ष्मजीव. बाहेरचा फॉर्म मात्र एकच मुख्य विषय विचारतो. अशा वेळी तिन्ही विषयांचे गुण दाखवणारं गुणपत्रक आणि प्राचार्यांचं पत्र सोबत ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात शिकणाऱ्यांनी मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता घेतला हे आत्ताच तपासावं. सीजीपीए असेल तर टक्केवारीत बदलायचं सूत्र विद्यापीठाच्या कागदावर घ्या, मनाने आकडा टाकू नका. कृषी विद्यापीठाचा, म्हणजे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा रस्ता वेगळा. तिथली बायोटेक ही कृषी शाखेची एमएस्सी असते आणि तिची प्रवेशपरीक्षाही निराळी.

आता कागदपत्रं. तहसीलच्या फेऱ्या आपल्याला नव्या नाहीत, पण इथे एक पेच आहे. राज्याचं नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या परीक्षेला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, आणि ते चालू आर्थिक वर्षातलं हवं असतं. व्हीजेएनटी, एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात नाहीतच. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी म्हणून अर्ज, नसेल तर खुल्यातून. ही यादी ऑनलाइन आहे, फॉर्म भरायच्या आधी बघा. सेतूवाल्याला 'सेंट्रलचं पाहिजे' असं ठासून सांगा, नाहीतर तो सवयीने राज्याचंच काढून देतो. टीसी, मायग्रेशन, जात वैधता हे नेहमीचंच.

विद्यापीठ निवडताना नावावर जाऊ नका, लॅब बघून या. विनाअनुदानित अभ्यासक्रम गावोगाव निघाले आहेत. ब्रोशरवर डीएनएचं चित्र असतं आणि आत डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन कव्हरखाली झोपलेलं. मशीनशेजारी लॉगबुक असतं, त्यातली शेवटची नोंद कधीची आहे ते वाचा. वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचंही तसंच. आणि डीप फ्रीझरला जनरेटर आहे का, हे सरळ विचारा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. उणे 20 अंशांवर ठेवायची एन्झाइम्स दोन-चारदा वितळली की त्या वर्षीची प्रॅक्टिकल्स फळ्यावरच होतात. विभागात कायम शिक्षक किती, हेही विचारायला लाजू नका.

प्रवेशानंतर पदवीचा हिशेब साधा आहे. महाराष्ट्रातल्या नव्या रचनेत दोन वर्षांची एमएस्सी 88 क्रेडिटची, दर सत्राला 22. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम किंवा क्षेत्र प्रकल्प, शेवटच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प. एका वर्षानंतर 44 क्रेडिटवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पण बायोटेकमध्ये त्याला फारसं कोणी विचारत नाही. खरा जीव आहे तो प्रकल्पात. नागपुरात पर्यावरण संशोधनाची नीरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन चार-सहा महिने आधी मागे लागलं तर जागा मिळू शकते. शेवटच्या सत्रात धावपळ केली की मग कॉलेजातच तुळशीच्या पानांचा अर्क काढून जिवाणू मरतात का ते बघायचं. तो प्रकल्प दरवर्षी कोणीतरी करतंच.

अशा संस्थेत मुलाखत झाली की कापसाच्या घरातल्या पोराने गप्प बसू नये. 2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली, त्यानंतर 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची. आपल्याकडे ती बहुतेकांनी धुऱ्यावर फेकली. शेताच्या कडेने ते साधं बियाणं लावायचं होतं, म्हणजे बीटीला न जुमानणाऱ्या अळीचा पतंग साध्या अळीच्या पतंगाशी संकर करेल आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल. ते झालं नाही, आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं ते तुम्ही वावरात पाहिलंच आहे. शहरातला मुलगा हे पुस्तकातून सांगेल. तुम्ही बापाने पुडी का फेकली हेही सांगू शकता: पेरणीच्या घाईत, कमी पिकणारं बियाणं कोण लावणार? हे ऐकायला समोरचे शास्त्रज्ञ उत्सुक असतात.

घरच्यांना समजावणं हा वेगळाच पेपर. "मंग तू रक्त तपासनार का?" हा प्रश्न माझ्या मोठेबाबांनी एमएस्सी झाल्यावरही विचारला. पॅथॉलॉजी लॅबसाठी डीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञाची पदविका असते, ही ती नव्हे, एवढं घरी आधीच सांगा. नुसत्या एमएस्सीवर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. पुढे नेट-जेआरएफ, गेट किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बीईटी, अशी संशोधनाकडे नेणारी एखादी परीक्षा द्यायचीच आहे असं धरून चाला. जेआरएफला, म्हणजे पीएचडी करताना मिळणाऱ्या फेलोशिपला, दरमहा 37,000 रुपये मिळतात, आणि नेटसाठी खुल्या प्रवर्गाला एमएस्सीत 55 टक्के लागतात, तेव्हा पहिलं सत्र 'बघू पुढे' म्हणून घालवू नका.

राहण्याचा फॉर्म प्रवेशाच्या फॉर्मसोबत आपोआप जात नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज वेगळा. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम् आणि ओबीसीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेला पैसाही अडकतो. गाव सोडायच्या आधी बँकेत जाऊन ते करून घ्या.